फुगे, साय आणि लिंडनचा पार

माझी नात रागावते ती जर्मनमध्ये. एरवी ती आईबापांशी मराठीत बोलते. व्हिडिओ कॉलवर "आजोबा, तुमचं नुसतं कपाळ दिसतंय" हेही मला स्वच्छ मराठीत सांगते. पण दूध जास्त गरम झालं, खेळणं मोडलं किंवा कुणी तिचं लाल दप्तर जागचं हलवलं, की ती पाय आपटते आणि जर्मनीतल्या बोखुमच्या बालवाडीत कमावलेली जर्मन बाहेर काढते. नातीचे लाड कळले नाहीत तरी आजोबाचं भागतं; राग मात्र कळायलाच हवा. म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी पुण्यातल्या एका जर्मनच्या क्लासात नाव घातलं.

वर्गात मी सोडून सगळे तिशीच्या आतले. कुणी नर्सिंग केलेली लातूरची मुलगी, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी इंजिनिअर. त्यांना परीक्षा पास होऊन तिकडे नोकरीला जायचं होतं. बाईंनी प्रत्येकाला शिकण्याचं कारण विचारलं. माझं कारण ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, लहान मुलांचा राग आपल्या अभ्यासक्रमात नाहीये. पण बघू."

खरंच नव्हता. क्रमिक पुस्तकातली जर्मन माणसं फार सज्जन असतात. ती एकमेकांना नाव विचारतात, गाव विचारतात, स्टेशनचा रस्ता विचारतात आणि अर्धा किलो टोमॅटो घेऊन घरी जातात. पुढच्या धड्यात पुन्हा स्टेशन शोधतात. त्यांच्यात कुणी रुसत नाही, कुणाची उधारी थकत नाही, कुणाला गेलेल्या आईची आठवण येत नाही. बारा धडे झाले तेव्हा जर्मनीतल्या कुठल्याही गावात मी स्टेशन गाठलं असतं. पण त्या स्टेशनवरच्या बाकड्यावर एखादा माणूस डोळे पुसत बसलेला दिसला असता, तर त्याच्याशी काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. टोमॅटो हवेत का, एवढं विचारता आलं असतं.

जर्मनचा सगळ्यात बदनाम भाग म्हणजे नामांची लिंगं. देअर, डी, डास: तो, ती, ते. मार्क ट्वेननं 1880 साली या भाषेनं केलेल्या छळावर एक अख्खा निबंध लिहिला. मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम स्त्रीलिंगी, हे त्याला काही केल्या पचलं नाही. इंग्रजी माध्यमातली आमची मुलंही कपाळाला हात लावून बसली होती. मी निवांत होतो. ज्याच्या भाषेत भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते, त्यानं कुठल्या तोंडानं तक्रार करायची?

मुलीला जर्मनमध्ये 'मेडशन' म्हणतात आणि ते मेडशन. शेवटचं 'शन' ही लाडाची शेपटी. ती लागली की वाघसुद्धा 'ते' होतो. यावर वर्ग हसला. मला मात्र माझी आजी आठवली. ती सिंधुदुर्गातली. धाकट्या आत्याला हाक मारून मारून दमली की ती अंगणात येऊन विचारायची, "ता चेडू खंय गेला?" मालवणीत पोरगी 'ता', म्हणजे आपलं 'ते'. बर्लिनचं व्याकरण माझ्या आजीच्या अंगणात असं अनवाणी फिरत होतं, आणि आम्ही त्याला गावंढळ समजत होतो.

अडलो तो एकाच ठिकाणी. जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी, तेव्हा चांदोमामाची अब्रू राहिली. पण सूर्य स्त्रीलिंगी. 'डी झॉने'. ज्याला रोज सकाळी बारा नमस्कार घातले, ज्याला नारायण म्हटलं, त्याच्याबद्दल आता 'ती उगवली, ती मावळली' असं म्हणायचं? महिनाभर माझ्या वहीत सूर्य पुल्लिंगीच उगवत राहिला आणि बाई लाल पेनानं त्याला मावळवत राहिल्या.

तेराव्या धड्याच्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं आणि पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला. म्हणाल्या, "आज स्टेशन नको. आज फुगे."

गाणं 1983 सालचं, नेना या बँडचं. नाव 'नॉइन-उंड-नॉइन्त्सिश लुफ्टबालोन्स', म्हणजे नव्व्याण्णव फुगे. त्याची जन्मकथा गाण्याइतकीच हलकी आणि जड आहे. 1982 साली पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सची मैफल झाली आणि तिथे फुगे सोडले गेले. नेनाचा गिटारवादक कार्लो कार्गेस ते वर जाताना बघत होता. त्याच्या मनात आलं, वारा फिरला आणि हे भिंतीपलीकडे गेले तर? पलीकडच्या पहारेकऱ्यांना ते फुगे वाटतील की आणखी काही? गाण्यात तेच होतं. आकाशातल्या ठिपक्यांना शत्रू समजून एक सेनापती विमानं पाठवतो, शेजाऱ्यांना आपल्यावरच हल्ला झाल्यासारखं वाटतं, आणि बघता बघता सगळं बेचिराख होतं. शेवटी त्या राखेत एक फुगा सापडतो. हे सगळं अशा ठेक्यावर, की आमचा इलेक्ट्रिशियन बाकाखाली पाय नाचवत होता. अमेरिकेत 1984 साली मूळ जर्मन गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. अक्षर न कळता तिथेही लोक महायुद्धावर नाचलेच असणार. इंग्रजी रूपात ते फुगे लाल झाले; मुळात त्यांना रंगच नाही. बाईंनी हे सांगितलं आणि वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या डोळ्यांपुढचे फुगे लालच का होते, याचा विचार करायला लावलं.

मला त्या गाण्यानं एक वेगळीच भेट दिली. जर्मन माणूस नव्व्याण्णव म्हणताना 'नऊ आणि नव्वद' म्हणतो. पंचवीस म्हणताना 'पाच आणि वीस'. आधी एकक, मग दशक. इंग्रजीत आकडे शिकलेली मुलं फोन नंबर उतरवताना हमखास उलटसुलट करत होती. मी मराठी शाळेतला. पंचवीसमधला पाच मी सहा वर्षांचा असल्यापासून आधीच म्हणत आलोय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं वाचायला सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. मीही कट्ट्यावर आवाज चढवला होता. आता बाईंकडून कळलं की जर्मनीत 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे शब्दशः 'वीस-एक', याच नावाची एक संस्था आहे. आकडे सरळ वाचा, मुलांचे हाल थांबवा, असं ती कितीतरी वर्षं सांगतेय. तिच्या मुळाशी एक गणिताचे प्राध्यापक, आणि तेही बोखुमच्या विद्यापीठातले. म्हणजे ज्या गावात माझी नात पाय आपटते, त्याच गावात आमच्या कट्ट्यावरचं भांडण आधीपासून चालू होतं.

पुढच्या आठवड्यात साय आली. उडो युर्गेन्स हा ऑस्ट्रियाचा गायक; त्याचं 1976 सालचं 'आबर बिट्टे मिट झाने'. अर्थ साधा: 'पण साय घालून हं'. जर्मन घरांतून दुपारी तीन-चारच्या सुमाराला, विशेषतः रविवारी, कॉफी आणि केक हा जवळजवळ धार्मिक विधी असतो. गाण्यातल्या चार बायका, माटिल्डे, ओटिली, मारी आणि लिलियाने, केकच्या दुकानात जमतात आणि थरावर थर रिचवतात. वर फेटलेल्या सायीचा डोंगर. मग एकेक जण देवाघरी जाते, उरलेल्यांचं खाणं थांबत नाही. शेवटची तर दुकानातल्या खुर्चीवरूनच कलंडते, आणि तिच्या शवपेटीवर फुलांच्या चक्राऐवजी साखरेनं मढवलेले केक ठेवले जातात. जर्मन लोकांना विनोद कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गाणं ऐकावं. फक्त ऐकण्याआधी साखर तपासून घ्यावी. माझी एकशेसाठ होती, त्यामुळे मला ते विनोदी न वाटता सूचक वाटलं.

या एका गाण्यात 'मिट' आलं, ज्याच्यानंतर नामाला चतुर्थीसारखी एक विभक्ती लागते, आणि 'बिट्टे' आलं. शब्दकोशात 'बिट्टे' म्हणजे 'कृपया'. पण मराठी माणूस कृपया फक्त पाट्यांवर लिहितो, तोंडानं म्हणत नाही. बाईंनी सांगितलं की 'बिट्टे' म्हणजे द्या ना, हे घ्या, त्यात काय एवढं, आणि काय म्हणालात, हे सगळं. कुठलं केव्हा, ते सुरावर. मला एकदम पटलं. आमच्या घरात 'अहो' हा शब्द चाळीस वर्षं हेच काम करतो आहे, आणि तोही केवळ सुरावर.

एकदा इंजिनिअर पोरानं आपल्या फोनवरून रामश्टाइन या बँडचं 'डू हास्ट' लावलं. 1997 सालचं, भिंतीचे पोपडे निघतील असं गाणं. त्यातली गंमत अशी की 'तुझ्याकडे आहे' आणि 'तू द्वेष करतोस' हे दोन्ही जर्मनमध्ये कानाला अगदी एकसारखे लागतात, आणि पुढे गाण्यात लग्नाच्या शपथेचा प्रश्न येतो. लिहिताना फरक फक्त एका 'स'चा. मी घरी येऊन हे पत्नीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हं." ते कोणत्या सुरात होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मग एक दिवस बाईंनी वेगळंच काही लावलं. ना ढोल, ना गिटार. फक्त पियानो आणि एक माणूस. शूबर्टचं 'देअर लिंडनबाउम', 1827 सालच्या 'विंटरराइजं' या गीतमालेतलं. वेशीजवळ विहीर, विहिरीपाशी लिंडनचं झाड. एके काळी त्याच्या सावलीत स्वप्नं बघितलेला एक माणूस थंडीतल्या रात्री त्याच्यावरून पुढे निघून जातो. खूप लांब गेल्यावरही त्याला पानांची सळसळ ऐकू येत राहते: इथं ये, इथं तुला विसावा आहे. पुढे झिल्शर नावाच्या संगीतकारानं ती चाल सोपी केली आणि गाणं लोकगीतासारखं सगळ्यांच्या तोंडी गेलं.

"लिंडन म्हणजे कोणतं झाड हो?" लातूरच्या मुलीनं विचारलं. बाईंनी फोटो दाखवला. पानं हृदयाच्या आकाराची. जुन्या जर्मन गावांत मधोमध एक लिंडन असे. त्याच्याखाली पंचायत बसे, न्यायनिवाडा होई, सणाला नाच होई. मुलगी म्हणाली, "मग मॅडम, सरळ पार म्हणा ना!" बाई दोन क्षण थांबल्या आणि त्यांनी फळ्यावर 'लिंडन'पुढे 'पार' असं लिहिलं. कुठल्या कोशात नसेल, पण इतका नेमका अर्थ मी दुसरा पाहिलेला नाही. त्यातही मौज पाहा: लिंडन स्त्रीलिंगी, पण 'लिंडनबाउम' म्हटलं की झाड आलं, आणि जर्मनमधलं झाड पुल्लिंगी. आपलंही तसंच की. तो पिंपळ, पण ते पिंपळाचं झाड. शेवटी बसतो त्याची सत्ता.

हे गीत लिहिणारा कवी विल्हेल्म म्युलर, देसाउ गावचा. तेहतीस वर्षंही पुरी न होता तो 1827 सालीच गेला. मागे राहिलेला त्याचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. तो मुलगा म्हणजे मॅक्सम्युलर. ऋग्वेद संपादून छापणारा, हिंदुस्थानात एकदाही न आलेला, आणि टिळक तुरुंगात असताना त्यांच्यासाठी दयेच्या अर्जावर सही करणारा. जगात इतरत्र गटेच्या नावानं चालणारी जर्मन संस्था भारतात 'मॅक्सम्युलर भवन' म्हणून ओळखली जाते, हे पुण्याच्या माणसाला सांगायला नको. त्या पाटीखालून मी कित्येक वर्षं गेलोय. मुलगा आमच्या पारावर येऊन बसला होता, आणि बाप त्यांच्या पारावरचं गाणं लिहून गेला होता, हे मला कळायला त्रेसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

उडो युर्गेन्स पुन्हा आला तो अगदी शेवटी शेवटी. 1974 सालचं 'ग्रीशिशर वाइन'. युद्धानंतर जर्मनीला कारखान्यांसाठी माणसं हवी होती. 1955 साली इटलीशी करार झाला, 1960 साली ग्रीस आणि स्पेनशी, 1961 साली तुर्कस्तानशी. येणाऱ्यांना नाव मिळालं 'गास्टआर्बायटर': पाहुणे कामगार. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत आणि कामगाराला पाहुणा म्हणत नाहीत; हा जोडशब्द जुळवणाऱ्याला दोन्हीतलं एकच काहीतरी हवं असणार. 1973 साली ही भरती बंद झाली. पुढच्याच वर्षी गाणं आलं. रात्री घरी चाललेला एक माणूस दारूच्या एका दुकानातला उजेड बघून आत शिरतो. आत काळ्या केसांचे, तपकिरी डोळ्यांचे परके लोक बसलेत, त्यांच्या मुलखातलं संगीत चालू आहे. ते त्याला बसवून घेतात, आपल्याकडची वाइन पाजतात आणि सांगतात, थोडे पैसे साठले की आम्ही परत जाणार.

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. माझे वडील लालबागला गिरणीत होते. गावकीच्या गाळ्यात पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. शनिवारी रात्री भजन. भजन संपलं की चहा, आणि चहाबरोबर ठरलेलं वाक्य: पुढच्या शिमग्याला कायमचं गावाक जांवचा. असे तीस शिमगे गेले. 1982 चा संप झाला, गिरणी थांबली आणि वडील खरंच गावी गेले. तिथे पहाटे जाग आली की ते भोंग्याची वाट बघत पडून राहायचे.

गाणं संपल्यावर बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: 'हाइमवे'. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे दुखणं. डोकेदुखी, पोटदुखी, तशी घरदुखी. त्याच्यासमोर त्यांनी दुसरा लिहिला: 'फर्नवे', लांबच्या मुलखाच्या ओढीचं दुखणं. लातूरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ते लोक परत गेले का?" बाई म्हणाल्या, "बरेच गेले. बरेच राहिले." तिनं दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले. फर्नवेखाली रेघ मारली. मग थोडं थांबून दुसऱ्याखालीही मारली.

नोव्हेंबरात मी बोखुमला गेलो. हे गाव एके काळी कोळशाच्या खाणींचं. आता खाणी बंद आहेत आणि एका जुन्या खाणीचा भला मोठा मनोरा संग्रहालयावर उभा आहे. हेर्बर्ट ग्रोनेमायरनं 1984 साली या गावावर, गावाच्याच नावाचं गाणं केलं. तू काही देखणं नाहीस, पण आमचं आहेस, अशा धर्तीचं. इथल्या फुटबॉल संघाच्या सामन्याआधी सगळं मैदान ते गातं. जावयानं मोबाइलवर ऐकवलं. मी म्हटलं, लालबागवर असं एखादं हवं होतं. तो पुण्याचा, तो म्हणाला, "लालबागला गाण्याची काय गरज? तिथं सगळे ओरडूनच बोलतात." जावई असल्यामुळे मी त्याला बिट्टे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ठेवायला जागा हवी म्हणून मी लाल दप्तर टेबलावरून खाली ठेवलं. नात आली, पाहिलं, पाय आपटला आणि ओरडली, "डास इस्ट गेमाइन!" मला कळलं! 'हा सरळ सरळ अन्याय आहे.' दीड वर्षाच्या अभ्यासाचं चीज झालं. पण आनंद फार टिकला नाही, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. मी दप्तर जागेवर ठेवलं.

अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणाऱ्या या संताच्या नावानं मुलं हातानं बनवलेले कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवत निघतात. काठीला टांगलेले लाल, पिवळे, निळे कंदील. आकाशकंदील गच्चीवरून उतरून रस्त्यानं चालायला लागले तर असेच दिसतील. मुलं गात होती. कंदिलाबरोबर सूर्य, चंद्र आणि तारे सगळ्यांनाच हाका मारत होती. आजूबाजूच्या आज्या-आजोबांना ते पाठ होतं. मी एक ओळ मागे राहून, ओठ हलवत चाललो होतो. नातीनं वर बघून एकदा माझा उच्चार दुरुस्त केला.

त्यानंतर चार दिवस नुसता पाऊस आणि राखाडी आभाळ. दुपारी दिवे लावून बसायचं. पाचव्या दिवशी सकाळी मी अजून पांघरुणात होतो, तेवढ्यात नात पळत आली. तिनं पडदा ओढला आणि खिडकीच्या काचेला नाक लावून ओरडली, "आजोबा, उठा! सूर्य आली!"

मी तोंड उघडलं. 'आली नाही गं बाळा, आला.' जन्मभर तोंडात बसलेलं वाक्य होतं. मग खिडकीतून आत आलेल्या त्या कोवळ्या, अवघडलेल्या उन्हाकडे पाहिलं. माहेरी आलेल्या लेकीसारखं ते दारातच थबकलं होतं.

"हो," मी म्हटलं, "आली खरी. बस म्हणावं तिला."